केकची नाडी

आजवर कुणाजवळही कबूल न केलेली एक गोष्ट आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा होईल. ऐन पंचेचाळिशीत, दोन मुलींचा बाप असताना, मला एका माणसाचा हेवा वाटायचा. साधासुधा नाही, जळफळाट व्हायचा. बरं, त्याच्याकडे बंगला नव्हता, चिकूची वाडी नव्हती, मोटारसायकल होती ती दोघांनी ढकलल्याशिवाय चालू होत नसे. हेवा कशाचा, तर त्याला लहानपणीचे केक आठवायचे याचा. वाढदिवसाचे नव्हेत. दुकानात पाकिटात मिळतात ते, साधे, पिवळे.

हसू आलं असेल तर हसून घ्या. मलाही कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

तर तो माणूस म्हणजे अनंता. आणि अनंता केकची नाडी बघायचा.

वाणगावला स्टेशनाजवळ आमचं किराणा-जनरलचं दुकान आहे, वडिलांच्या वेळेपासूनचं. अनंता माझा शाळासोबती. डहाणूला एका डॉक्टरांकडे तो कंपाउंडर होता. संध्याकाळी गाडीतून उतरला की घरी जायच्या आधी दुकानात यायचा, बरणीशेजारच्या केकच्या पाकिटांतलं एक उचलायचा, डाव्या तळहातावर आडवं ठेवायचा, उजव्या हाताची तीन बोटं त्याच्यावर टेकवायचा आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभा राहायचा. पुरतं अर्धं मिनिट. मागे गिऱ्हाईक खोळंबलेलं असो, माझ्या हातात तेलाचं माप असो, त्याला काही नाही.

"हं," मग तो म्हणायचा. "दमलाय. उन्हात ठेवला होतास काय रे, सुध्या?"

"नाही रे बाबा. सकाळी आलाय, सरळ काउंटरवर."

"बघ. आपण उगाच बोलत नाय."

आणि आतून नंदा, म्हणजे माझी बायको, ओरडायची, "अहो, टेम्पोवाल्याने खोकं दोन तास ओट्यावरच ठेवलं होतं ना!"

'आपण उगाच बोलत नाय' हे त्याचं पालुपद. नाडी झाली की पाकीट कानाशी न्यायचा आणि कागद चुरगळून आवाज ऐकायचा. कुरकुर आवाज आला तर ताजा, ओलसर आला तर खाऱ्या हवेने धरलेला. मग उजेडाकडे धरून आतली टुटीफ्रुटी मोजायचा. "सतरा. गेल्या आठवड्यात एकवीस होती. कंपनीत कुणाचं तरी लक्ष नाय." पाकिटावर तारीख छापलेली असते, ती वाचायला त्याला कमीपणा वाटायचा. "तारीख काय, जन्माची असते," म्हणायचा. "तब्येत वेगळी."

एकदा मी डहाणूहून क्रीमचा केक मागवला होता, धाकटीच्या वाढदिवसाला. अनंताने त्याच्याभोवती एक फेरी मारली, एक बोट पुढे केलं, मागे घेतलं. "ह्याची नाडीच लागत नाय, वहिनी. इतकं लिंपलंय अंगाला."

अनंताची बायको २०१३ साली गेली. मूलबाळ नव्हतं. त्यानंतर तो दुकानात जास्त वेळ बसायला लागला. दाराशी एक बाकडं आहे, त्याच्या एका टोकाला त्याची जागा. चौदा-पंधरा सालापर्यंत हे इतकं रोजचं झालं की लोक केक घ्यायला त्याच्या वेळेला येऊ लागले. मी काउंटरवर उभा, मालक मी, माल माझा, आणि गिऱ्हाईक माझ्याकडे पाठ करून बाकड्याकडे पाकीट धरायचं.

सोमीबाई नावाची एक म्हातारी पाड्यावरून आठवड्याच्या बाजाराला यायची. नातवासाठी एक केक घ्यायची.

"डॉक्टर, बघून द्या," ती अनंताला म्हणायची. कंपाउंडरला डॉक्टर. मला मात्र नुसतं 'ए शेठ'.

अनंता तीन पाकिटं बाजूला काढायचा, चौथ्यावर मान हलवायचा. "हा घ्या, मावशी. तब्येत झकास. पण संध्याकाळच्या आत संपवा."

"नाय संपला तर?"

"तर ह्याला घरची आठवण येईल. मग तो कोरडा पडतो."

म्हातारी पदर तोंडाला लावून हसायची. "मेल्या, केकला घर असतं काय?" आणि एकाऐवजी दोन घेऊन जायची. धंदा वाढला होता, खोटं कशाला बोलू. पण धंदा वाढतो तो दुसऱ्यामुळे, हे रोज बघत उभं राहणं सोपं नसतं.

नाडीचं मी सोसलं असतं. सोसवलं नाही ते त्याचं आठवणं.

बाकड्यावर दोन-चार माणसं जमली की कुणीतरी त्याला हटकून छेडायचं, "अनंता, आताचे केक कसे काय?" आणि तो सुरू व्हायचा. "आताचे? हे केक नाय, केकचे पुतणे. आपल्या वेळचा केक म्हणजे मेणकागदात यायचा. कागद सोडवताना सावकाश सोडवायचा. घाई केली की बुडाची तपकिरी साल कागदाला चिकटून जायची. वरचं पिवळं कुणालाही आवडतं. पण चव सगळी त्या सालीत. जरा करपट, जरा कडसर, आणि मग एकदम गोड. दातांनी हळूच सोलून काढायची ती. जीभ लावायची नाय आधी, भिजते."

लोक ऐकत राहायचे. गाडी चुकली तरी उठायचे नाहीत. मी मात्र उठायचो. 'आपल्या वेळचा केक' हे शब्द कानावर आले की मी मागच्या खोलीत जायचो आणि पोती सारखी करायचो. तांदळाची पोती मी त्या चार वर्षांत जितकी सारखी केली तितकी हमालाने आयुष्यात केली नसतील.

"अहो, ऐका तरी," नंदा म्हणायची. "किती छान सांगतात भाऊजी."

"मला काय सांगतो तो? ते केक आमच्याच दुकानातले. मी खाल्लेत. त्याने नाही."

हे शेवटचं मी पोत्याला सांगायचो, नंदाला नाही.

खरं तेच होतं. वडिलांकडे केकचं खोकं आलं की त्यातला एक माझा. वर्षानुवर्षं खाल्ले. शेकड्याने म्हणा. आणि मला त्यातलं काहीएक आठवत नव्हतं! एकदा बाकड्यावर वाद झाला, तेव्हाच्या केकचा कागद लाल की निळा. सगळे माझ्याकडे वळले. "शेठ, तुमच्याच दुकानातला माल. तुम्ही सांगा." मी घसा साफ करून म्हणालो, "निळा."

"लाल," अनंता म्हणाला, अगदी हलक्या आवाजात. "लालावर पांढरी रेघ. निळा नंतर आला, आपण सातवीत होतो तेव्हा. आणि खोकं गुरुवारी यायचं, सुध्या."

माना त्याच्या बाजूने हलल्या. "शेठला काय, गल्ला तेवढा आठवतो," कुणीतरी म्हणालं. मी पण हसलो. मग मागे जाऊन पोती सारखी केली.

एकदा तर मी दुपारी, दुकानात चिटपाखरू नसताना, एक पाकीट फोडलं. डोळे मिटले आणि सगळा केक खाल्ला, एकेक घास घोळवून. म्हटलं, येईल काहीतरी. वडिलांचा आवाज, जुन्या फडताळाचा वास, काहीतरी. आली ती आंबट ढेकर. डोळे उघडले तर समोर नंदा घाबरून उभी.

"काय होतंय? छातीत दुखतंय का?"

"काही नाही."

"मग डोळे मिटून, घामाघूम होऊन केक काय खाताय?"

काय सांगणार? ज्याला मिळाला त्याला काहीच उरलं नाही आणि ज्याला मिळाला नाही त्याच्याकडे सगळंच्या सगळं आहे, हे सांगता आलं असतं तर सांगितलं असतं.

आता ते मिळण्या-न मिळण्याचं नीट सांगतो. टाळत होतो.

दुकानाच्या मागच्या दाराला दोन पायऱ्या आहेत. गुरुवारी शाळा सुटली की मी तिथे बसून केक खायचो आणि अनंता समोर उभा असायचा. सुरुवातीला त्याने खिशातून चिकू काढून दिले होते, केकच्या बदल्यात. वाणगावात चिकू! कोळीवाड्यातल्या माणसाला बोंबील भेट द्यावेत तसं. मी इतका हसलो की केकचे कण नाकात गेले. त्याच्या घरी देण्यासारखं दुसरं काही नव्हतं, हे माझ्या ध्यानात आलं नाही. किंवा आलं असेल. मग माझ्या लक्षात आलं की त्याला गणित येतं. ठरलं असं की त्याने माझी गणितं सोडवायची आणि मी त्याला कागद द्यायचा. केकचा मेणकागद, बुडाची साल चिकटलेला. तो कागद दोन्ही हातांनी तोंडाशी धरून अनंता दातांनी साल खरवडायचा, या कडेपासून त्या कडेपर्यंत. मी बघत बसायचो. मजा वाटायची मला. कधीकधी मी केक मुद्दाम घाईने सोडवायचो, साल जास्त चिकटावी म्हणून. यालाच मी औदार्य समजायचो.

चार वर्षं हे चाललं. एक तुकडाही मी त्याला दिला नाही. त्यानेही पुन्हा मागितला नाही.

२०१७च्या थंडीत एके दिवशी राऊत सर दुकानात आले. निवृत्त मास्तर, गावचं वाचनालय तेच चालवतात. म्हणाले, "सुधाकरशेठ, रविवारी सकाळी मुलांसाठी कार्यक्रम ठेवलाय. लहानपणीचा खाऊ. जुन्या माणसांनी मुलांना सांगायचं. तुमचं दुकान एवढं जुनं..."

मी गल्ल्याखालून कापड काढून काउंटर पुसायला लागलो. "बघतो, सर. रविवारी जरा गर्दी असते, पण काढीन वेळ."

"वा! मग अनंताला तेवढा निरोप द्याल का? आणि केकची दोन खोकी तुमच्याकडून घ्यावी म्हणतो."

मी काउंटर पुसत राहिलो. फार स्वच्छ झाला त्या दिवशी.

रविवारी खोकी घेऊन मीच गेलो. नंदाही आली होती, पुढे बायकांत बसली. चाळीसेक मुलं सतरंजीवर, मागे आईबाप. अनंता इस्त्रीचा सदरा घालून आला होता, केसांना तेल. त्याने पहिल्यांदा केकची नाडी बघून दाखवली, मग मुलांना एकमेकांची बघायला लावली, मग प्रत्येकाला एकेका केकची. काय हशा! "काका, माझा मेला!" एक पोरगी ओरडली. "मेला नाय गं, झोपलाय," अनंता म्हणाला. मी मागे भिंतीशी उभा. त्या हॉलला मागची खोली नाही, पोती नाहीत. जन्मात पहिल्यांदा मला त्याची गोष्ट ऐकावी लागली.

"गुरुवारी शाळा सुटली की आम्ही दुकानाच्या मागच्या पायरीवर बसायचो," अनंता सांगत होता. "लाल कागद, पांढरी रेघ. तो केक असा दोन्ही हातांत घेतला की..."

"कोण घ्यायचं दोन्ही हातांत?"

आवाज माझा होता. दुकानात उधार मागणाऱ्याला घालवतो तो आवाज.

"अनंता, लहान मुलांसमोर तरी खोटं बोलू नको. केक तू खाल्लास कधी? केक मी खायचो. तू कागद चाटायचास माझा."

 मला वाटलं तो चिडेल. चिडावा असं फार वाटत होतं, भांडण झालं असतं म्हणजे दोघांचं झालं असतं. अनंताने माझ्याकडे पाहिलं. मग मुलांकडे.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "शेठ म्हणतायत ते बरोबर आहे."

शेठ. पहिलीपासून मी त्याचा सुध्या होतो.

एका पोराने विचारलं, "काका, कागद गोड लागतो?" आणि सगळा हॉल हसला. सुटल्यासारखा हसला. अनंताही हसला. मग त्याने मुलांना पाकिटं फोडून दिली, शेवटच्या रांगेपर्यंत, आणि कार्यक्रम संपायच्या आत चपला घालून गेला.

घरी आल्यावर नंदा भाकऱ्या थापत राहिली. जेवायला वाढलं आणि म्हणाली, "तुम्ही भाऊजींची गोष्ट शेवटपर्यंत कधी ऐकलीत?"

"कशाला ऐकू? खोटी होती."

"होतीच खोटी. भाऊजी बाकड्यावर बसायला लागले तेव्हापासून ऐकतेय. शेवट काय करायचे ते ठाऊक आहे? 'आमचा सुध्या तो केक दोन्ही हातांत घेऊन मधोमध मोडायचा. मधोमध कधी मोडायचा नाय, एक तुकडा मोठा व्हायचा. मोठा मला द्यायचा.' रोज हेच. मग सगळे वळून तुम्हाला शोधायचे, तर तुम्ही आत." तिने ताट माझ्याकडे सरकवलं. "सोमीबाई तुमच्या मागे तुम्हाला देवमाणूस म्हणते ते काय तुमच्या तांदळासाठी? आणि मला तर वाटायचं..."

काय वाटायचं ते तिने सांगितलं नाही. मी विचारलं नाही. लग्नाला बावीस वर्षं झाली होती.

म्हणजे भर सभेत मी कुणाचा खोटेपणा उघडा पाडला होता, ते मला भाकरीचा पहिला तुकडा मोडताना कळलं.

सोमवारी अनंता दुकानावरून सरळ गेला. मंगळवारी आला, काडेपेटी घेतली, केककडे बघितलं नाही. बाकड्यावर बसला नाही. पोरांनी त्याचं नाव कागदकाका पाडलं होतं. स्टेशनात उतरला की ओरडायची, "कागदकाका, आज काय चाटलं?" एकदा माझ्या दुकानासमोरच ओरडली. मी पोरांना दटावू शकलो असतो. काउंटरवर दोन गिऱ्हाइकं हसत होती. मीही थोडा हसलो. हेही लिहून ठेवतो.

अठरा साली डहाणूच्या डॉक्टरांनी दवाखाना बंद केला. अनंताला तलासरीला काम मिळालं, तिथेच खोली घेतली. जाताना नंदाला भेटून गेला, मी बँकेत गेलो होतो. केकचा खप गेला. पाकिटं पडून राहायची, आणि कुठला शिळा, कुठला बरा, मला हात लावून काही कळायचं नाही. मी तारखा वाचायचो.

एकोणीसच्या दिवाळीनंतर मी तलासरीला गेलो. मुद्दाम. डहाणूहून एसटीने जाताना वाटभर शब्द जुळवले. 'अनंता, चुकलं माझं,' असं सुरू करायचं ठरवलं. शेजारच्या माणसाने दोनदा विचारलं, "मला काय म्हणालात?"

दवाखान्यात अनंता एका मुलीच्या गुडघ्याला पट्टी बांधत होता. केस पार पांढरे. मला बघितलं आणि हातातली पट्टी तशीच धरून ओरडला, "अरे, सुध्या!"

मला उभ्या उभ्या रडू येईल असं वाटलं. त्याने खुर्ची ओढली, चहा सांगितला, नंदाची, मुलींची, सोमीबाईच्या गुडघ्यांची चौकशी केली. तेवढ्यात आतून डॉक्टर आले, तरुण, चेहऱ्याने भला. "कोण पाहुणे, काका?"

"माझा दोस्त, साहेब. वाणगावचा. आम्ही गरीब होतो तेव्हा ह्याने मला केक खायला घातला. अर्धा अर्धा करायचा. मोठा तुकडा मला द्यायचा."

मी त्याच्या चेहऱ्यात टोमणा शोधला. असता तर बरं झालं असतं. नव्हता. तो आनंदाने सांगत होता. एवढ्या लांबून माणूस आला, तर त्याची ओळख चांगली करून द्यावी, इतकंच. बायको गेली, गाव सुटलं, आपलं म्हणून सांगायला माणूस मी एकटा उरलो होतो. आणि तो मी त्याला असाच हवा होता, केक मोडून देणारा.

"वा!" डॉक्टर मला म्हणाले. "असे दोस्त हल्ली कुठे मिळतात?"

वाटभर जुळवलेले सगळे शब्द तोंडात होते. मी म्हणालो, "छे हो, तसं काही नाही." चांगली माणसं स्तुती ऐकून म्हणतात ना, अगदी त्याच सुरात. डॉक्टरांना मी आणखीच आवडलो. अनंताने माझ्या खांद्यावर थाप मारली. चहा आला, तो मी प्यालो, आणि तीनच्या एसटीने परत आलो.

ती पोरं आता कॉलेजात जायला लागलीत. काही कामाला लागली. वाचनालयात रविवारी अजून माणसं जमतात, राऊत सर अजून सगळ्यांना बोलावतात. त्या हॉलमध्ये, त्यांच्यासमोर, अनंताला शेजारी बसवून मला एवढंच सांगायचं आहे की केक मी एकट्याने खाल्ला, भुकेल्या दोस्ताला समोर उभं करून खाल्ला, आणि त्या कागदाची लाज त्याची नाही, माझी आहे. हे मी अनंताचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.